आजीला तिथे दिसणार कसं?

१. विसरलेला चष्मा

श्रावणातल्या एका पहाटे माझी आई गेली. आदल्या संध्याकाळी तिनं नातीला शेजारी घेऊन मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकले होते आणि दोघींनी मिळून त्यांची सालं काढली होती. आम्ही मूळचे रोह्याकडचे. आमच्याकडे याला 'बिरडं' म्हणतात, पुण्यातल्या शेजारणी 'डाळिंब्या' म्हणतात. सोललेल्या दाण्यांची वाटी फ्रिजमध्ये तशीच होती.

सव्वाचार वर्षांची माझी लेक सात वाजता उठली, तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. कुणीतरी तिला उचलून घेतलं आणि म्हटलं, "बाळा, आजी देवाघरी गेली हो." लेकीनं इकडेतिकडे पाहिलं. खाली उतरली, खिडकीपाशी गेली आणि तिथला आजीचा चष्मा उचलून आणला. त्याच्या डाव्या काडीवर हळदीचा पिवळा डाग आहे, कारण फोडणी देता देता चष्मा सावरायची आईला सवय होती. चष्मा माझ्यापुढे धरून लेक म्हणाली, "आजी चष्मा विसरली. आता तिला तिथे दिसणार कसं?"

खोलीत हुंदका फुटला. उत्तर कुणीच दिलं नाही. मीही नाही. मी शेजाऱ्यांना म्हटलं, "हिला जरा खाली नेऊन खेळवा." ती चष्मा हातात घेऊनच गेली.

नंतर ज्या ज्या आईबापांशी या विषयावर बोललो, त्या सगळ्यांनी थोड्याफार फरकानं हेच विचारलं. लहान मुलाला मृत्यूबद्दल सांगायचं काय? किती सांगायचं? त्याला ते कळतं का? आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून एक प्रश्न यायचा: एवढ्या जीव लावणाऱ्या आजीचं, आजोबांचं, बाबांचं त्याला पुढे काही आठवेल का? या प्रकरणात आपण हे प्रश्न घेऊ, पण 'कळतं का' हा सगळ्यात आधी. तो समजला की 'काय' आणि 'किती' हे पुष्कळ सोपे होतात. चौथ्या प्रश्नाचं उत्तर मला फार उशिरा सापडलं, म्हणून त्यावर जरा जास्त थांबणार आहे.

२. चार पायांचा चौरंग

'मरण' हा आपल्या लेखी एकच शब्द आहे. मुलांच्या बाबतीत मात्र तो चार वेगवेगळ्या कल्पनांवर उभा असतो, चौरंग चार पायांवर उभा असतो तसा. स्पीस आणि ब्रेंट या अमेरिकी अभ्यासकांनी 1984 साली या विषयावरचं तोवरचं संशोधन एकत्र मांडलं, तेव्हा यांतल्या पहिल्या तीन कल्पना नीट सुट्या करून दाखवल्या. पुढच्या अभ्यासकांनी त्यांत कारणाची भर घातली.

पहिली कल्पना अशी, की गेलेलं माणूस परत येत नाही. दुसरी, शरीराची सगळी कामं थांबतात: बघणं, ऐकणं, भूक लागणं, थंडी वाजणं, सगळं. तिसरी, हे प्रत्येक जिवंत गोष्टीला कधी ना कधी होतं. चौथी, याला कारण असतं आणि ते शरीरात असतं. कुणाच्या रागावण्यात किंवा खोटं बोलण्यात नसतं.

हे चारही पाय मुलांना एकदम मिळत नाहीत. साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान बहुतेक मुलांचा चौरंग उभा राहतो. ज्यांनी घरात मृत्यू पाहिलेला असतो किंवा पाळलेलं मांजर गमावलेलं असतं, त्यांचा कधी त्याच्याही आधी. आता चष्म्याचा प्रश्न पुन्हा वाचून बघा. आजी या खोलीत नाही, हे लेकीला कळलं होतं. पण आजीचं बघणं थांबलंय, हा दुसरा पाय तिच्याकडे अजून नव्हता. डोळे चालू असतील तर चष्मा लागणारच! तिच्या हाती जेवढी माहिती होती, तेवढ्यावर तिनं काढलेला निष्कर्ष बिनचूक होता. त्या सकाळी त्या खोलीत आजीच्या सोयीचा विचार करणारं ते एकटंच माणूस होतं.

मुलांच्या या विचारांचा पहिला मोठा धांडोळा मारिया नाज या संशोधक बाईंनी हंगेरीतल्या बुडापेस्ट आणि आसपासच्या मुलांमध्ये घेतला. तीन ते दहा वर्षांच्या 378 मुलांशी त्या बोलल्या. मोठ्या मुलांकडून निबंध लिहून घेतले, काहींकडून चित्रं काढून घेतली. 1948 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात पाच वर्षांखालच्या मुलांचं म्हणणं बहुतेक एकसारखं आहे: मरण म्हणजे लांब जाणं किंवा गाढ झोपणं. त्याहून मोठी मुलं मरणाला एक माणूसच समजत, रात्री येऊन घेऊन जाणारा. दुसऱ्या देशांतल्या संशोधकांना असा 'माणूस' फारसा भेटला नाही. तो बहुधा तिथल्या गोष्टींमधून आलेला असावा. 'लांब जाणं' मात्र सगळीकडे भेटलं.

मग हा दुसरा पाय बसवायचा कसा? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातल्या व्हर्जिनिया स्लॉटर यांनी एक साधी गोष्ट करून पाहिली. त्यांनी लहान मुलांना मरणाबद्दल काही न सांगता शरीराबद्दल शिकवलं: हृदय कशासाठी, फुप्फुसं कशासाठी, पोटात काय होतं. शरीर जगण्यासाठी काम करतं हे ज्या मुलांना उमगलं, त्यांना ते काम थांबणं म्हणजे काय हेही जास्त चांगलं उमगलं. पुढे 2007 मध्ये त्यांनी आणि ग्रिफिथ्स यांनी चार ते आठ वर्षांच्या मुलांची समज आणि त्यांची भीती शेजारी शेजारी ठेवून पाहिली. ज्यांना मरण म्हणजे काय हे जास्त नीट कळलं होतं, त्यांना त्याची भीती कमी वाटत होती. मी हे वाचलं त्या दिवशी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. लेकीला भीती वाटू नये म्हणूनच तर मी तिला खाली खेळायला पाठवलं होतं.

हे घरी कसं करायचं, त्याचं एक उदाहरण. सेलवर चालणारी एक आगगाडी घ्या आणि कुंडीतलं एक झेंडूचं फूल घ्या. गाडीचा सेल काढला की ती थांबते, घातला की धावते. आता फूल खुडा. पाण्यात ठेवलंत तर दोन दिवस ताजं दिसेल, पण पुन्हा फांदीवर लावून बघा. लागत नाही. मुलाला स्वतःच्या हातानं लावून बघू द्या. माझ्या लेकीनं तर दोरा घेऊन बांधून पाहिलं. मग विचारा: आजी गाडीसारखी की फुलासारखी? इथे एक सावधगिरी हवी. 'आजीचा सेल संपला' ही उपमा मोठ्यांच्या तोंडी सहज येते, पण मुलाला सेल बदलता येतो हे ठाऊक असतं आणि मग ते सेल बदलायची वाट बघतं. फूल बरं.

३. देवाघर आणि देवघर

आईच्या जाण्यानंतर तिसऱ्या दिवशी लेक स्वयंपाकघरातल्या देवघरापुढे पाटावर उभी राहून आत डोकावत होती. बाळकृष्ण उचलून त्याच्यामागे पाहिलं, अन्नपूर्णेच्या मागे पाहिलं. मग मला म्हणाली, "इथे नाहीये."

मराठीत देवाचं घर आणि घरातलं देवघर यांच्यात एका कान्याचं अंतर आहे आणि चार वर्षांच्या कानाला तेवढं ऐकू येत नाही. पुढे कितीतरी दिवस ती दिवा लावताना जवळ येईना. आजी तिथे गेली आणि दिसेनाशी झाली, तर आपणही होऊ, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. एरवी निरांजनाची वात पुढे सारायला ती आजीशी भांडायची.

आपले सगळे गोड शब्द असेच काटे घेऊन येतात. 'झोपली' म्हटलं तर मूल झोपायला घाबरतं. 'गावाला गेली' म्हटलं तर दिवाळीपर्यंत वाट बघतं आणि मग, मला न सांगता कशी गेली, म्हणून रुसतं. 'आजारी होती' एवढंच म्हटलं तर आईला सर्दी झाली तरी त्याचा जीव वरखाली होतो. 'तारा झाली' म्हटलं तर पावसाळ्यात, ढगांनी आकाश भरल्यावर, नवे प्रश्न सुरू होतात. हे शब्द वाईट मनानं कुणी वापरत नाही. ते आपल्याला बोलता यावं म्हणून असतात. 'मेली' हा शब्द आईच्या बाबतीत उच्चारायला माझी जीभ रेटत नव्हती. पण मुलासाठी तोच शब्द सगळ्यात स्वच्छ असतो.

मोठ्यांनी असा शब्द उच्चारल्याचं एक उदाहरण जगभर आठवलं जातं. 'सेसमी स्ट्रीट' या अमेरिकेतल्या मुलांच्या कार्यक्रमात दुकानदार हूपर यांचं काम करणारे नट विल ली डिसेंबर 1982 मध्ये वारले. कार्यक्रम करणाऱ्यांपुढे सोपे रस्ते होते. दुसरा नट घेता आला असता, हूपर दुसरीकडे राहायला गेले म्हणता आलं असतं. त्यांनी तज्ज्ञांशी बोलून मुलांना खरं सांगायचं ठरवलं. 24 नोव्हेंबर 1983 ला, आईबाप घरी असतील अशा सुटीच्या दिवशी, तो भाग दाखवला गेला. त्यात 'बिग बर्ड' हा भला मोठा पिवळा पक्षी सगळ्यांची चित्रं काढून आणतो. हूपर यांचंही आणतो आणि विचारतो, ते कुठे आहेत? मोठी माणसं त्याला सांगतात, ते वारले. तो म्हणतो, ठीक आहे, परत आले की देईन. मग त्याला सांगितलं जातं की वारलेलं माणूस परत येत नाही. तो गोंधळतो, रागावतो, आता माझी काळजी कोण घेणार असं विचारतो आणि मोठी माणसं डोळे पुसत त्याला उत्तर देतात. आजाराचा किंवा इस्पितळाचा उल्लेख त्यात मुद्दामच ठेवला नव्हता, प्रत्येक आजारी माणूस मरतं असं मुलांना वाटू नये म्हणून.

आता आमच्या घरातलं, दोन आठवड्यांनी झालेलं बोलणं जसंच्या तसं देतो.

"आजी मेली, म्हणजे तिचं शरीर काम करायचं थांबलं. हृदय थांबलं, श्वास थांबला."

"मग तिला दिसत नाही?"

"नाही. डोळेपण थांबले. म्हणून तिला चष्मा लागत नाही."

"थंडी?"

"थंडीपण वाजत नाही. दुखतपण नाही."

"बरं." मग थोड्या वेळानं, "तू पण मरणार?"

"प्रत्येक जण कधीतरी मरतो. मी खूप वर्षं असेन असं मला वाटतं. आणि तुझ्याकडे बघायला आई आहे, मामा आहे, आत्या आहे."

"आत्या भात चिकट करते," ती म्हणाली आणि खेळायला गेली.

बस, एवढंच. जेवढं विचारलं तेवढंच उत्तर द्यायचं आणि पुढचा प्रश्न येईपर्यंत थांबायचं. कुणी विचारेल, मग श्रद्धेचं काय? आमच्या घरात श्रद्धा आहे आणि ती आम्ही लेकीपासून लपवली नाही. फक्त क्रम पाळला: आधी शरीराचं सांगितलं, मग म्हटलं की आपल्या घरात असं मानतात, आजी देवाजवळ आहे. शरीराचं पक्कं बसलं की श्रद्धा मुलाला आधार देते. आधी नुसती श्रद्धाच सांगितली तर मूल पाटावर चढून बाळकृष्णामागे शोधतं.

एक गोष्ट मात्र मूल विचारेल म्हणून थांबू नका, कारण ती ते विचारत नाही. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी दाखवलं की लहान मुलांच्या जगात मनातली इच्छा आणि बाहेरची घटना यांच्यामध्ये भिंत नसते. मनात आलं आणि तसं झालं, तर ते माझ्यामुळेच झालं. आई गेल्यावर तीन आठवड्यांनी, आंघोळीच्या वेळी, लेक माझ्या बायकोला म्हणाली, "मी आजीला कट्टी म्हटलं होतं." त्या संध्याकाळी वाल सोलताना आजीनं तिच्या वाटीतले दाणे आपल्या वाटीत ओतले होते, त्यावरून. एवढंसं लेकरू ते ओझं तीन आठवडे एकटं वागवत होतं, आमच्याच घरात, आमच्याच ताटात जेवून. "कट्टी म्हटल्यानं कुणी मरत नाही. रागावल्यानं कुणी मरत नाही. आजीला माहीत होतं की सकाळी बट्टी होणार," असं बायकोनं तिला सांगितलं. त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी सलग झोपली. म्हणून, कुणी गेल्यावर मुलाला हे आपणहून सांगा. त्यानं काही केलं नसलं तरी सांगा.

४. रडता रडता लंगडी

"पोरीला काही कळत नाही, बघा कशी खेळतेय," असं दहाव्याच्या आसपास घरी दोनतीनदा ऐकलं. ती खरंच खेळत होती. अकरा वाजता आजीची उशी छातीशी धरून रडली आणि सव्वाअकराला गॅलरीत लंगडी.

मार्गारेट स्ट्रेब आणि हेंक शुट या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 1999 मध्ये शोकाचं एक चित्र मांडलं. झोपाळ्यासारखं आहे ते. माणूस एका टोकाला गेलेल्याच्या आठवणीत असतं, दुसऱ्या टोकाला चालू आयुष्याच्या कामात, आणि या दोन टोकांमधलं जाणंयेणं हाच शोक. दोन्हीपैकी एकाच टोकाला अडकलं तर ते बिनसतं. मोठ्यांचा झोका मोठा आणि सावकाश असतो, मुलांचा लहान आणि भराभर. दुःख त्यांना मोठ्यांइतका वेळ सलग धरून ठेवता येत नाही, म्हणून ती ते खाली ठेवतात आणि पुन्हा उचलतात. कधी ते खेळातच घेतात. बाराव्या दिवशी लेकीनं बाहुल्यांचा 'दहावा' मांडला होता. पोळीचे तुकडे ठेवून ती कावळ्याला हाका मारत होती आणि बाहुलीला सांगत होती, "रडायचं असेल तर रड." माझ्या एका काकूंनी ते मोडायला लावलं. मी गप्प राहिलो, आणि त्याची मला खंत आहे. ते तिच्या परीनं घातलेलं श्राद्धच होतं.

रोह्याला कुंडलिका नदीच्या काठी झालेल्या खऱ्या दहाव्यालाही तिला नेलं नव्हतं. बॉस्टनमध्ये विल्यम वर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी आई किंवा वडील गमावलेल्या 70 कुटुंबांतल्या 125 मुलांशी दोन वर्षं संपर्क ठेवला. अंत्यविधीला जायचं की नाही हे मुलाला विचारून, तिथे काय दिसेल हे आधी समजावून नेलं, तर त्याचा मुलांना आधारच वाटतो, असं त्या अभ्यासातून पुढे आलं. स्मशानात नेण्याबद्दल आपल्याकडे मतभेद राहतील आणि ते मी समजू शकतो. पण विचारायला तरी हवं होतं. न नेलेल्या ठिकाणी काय झालं याची मुलांनी केलेली कल्पना खऱ्यापेक्षा भयंकर असते.

५. दोरा बांधलेलं रीळ

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. दीड वर्षांचा एक मुलगा होता, अर्न्स्ट. आई बाहेर गेली तरी रडत नसे. लाकडी रिळाला दोरा बांधलेला असे. तो रीळ पडदा लावलेल्या पाळण्याच्या पलीकडे फेकायचा आणि लांब 'ओऽऽ' म्हणायचा. जर्मनमध्ये 'फोर्ट', म्हणजे 'गेलं', असं त्याला म्हणायचं होतं. मग दोरा ओढून रीळ बाहेर काढायचा आणि आनंदानं म्हणायचा, 'डा', म्हणजे 'हे बघ'. आपल्याकडे पदराआड तोंड लपवून 'बुवाऽ कुक' करतात, तेच हे. फरक एवढाच की इथे दोरा मुलाच्या हातात होता. नाहीसं होणं आणि परत येणं तो स्वतःच घडवून आणत होता.

हे टिपून ठेवणारे त्याचे आजोबा म्हणजे सिग्मंड फ्रॉइड. 1920 साली त्यांनी हा खेळ एका पुस्तकात लिहिला. त्याच वर्षी जानेवारीत अर्न्स्टची आई, फ्रॉइड यांची मुलगी सोफी, इन्फ्लुएन्झाच्या साथीत वारली. ती 26 वर्षांची होती. या वेळी ओढायला दोरा नव्हता. अर्न्स्ट सहा वर्षांचाही झालेला नव्हता. तीन वर्षांनी सोफीचा धाकटा मुलगा हाइनेलही गेला, साडेचार वर्षांचा. त्या नातवाच्या जाण्यानं फ्रॉइड पार खचले.

याच फ्रॉइड यांनी 1917 मध्ये शोकाबद्दल एक सिद्धान्त मांडला होता. गेलेल्या माणसाशी बांधलेल्या गाठी मन एकेक करून सोडवतं, आणि सगळ्या सुटल्या की ते नव्या नात्याला मोकळं होतं. आजही आपण एकमेकांना देतो तो सल्ला याचाच नातलग आहे: 'विसरा आता, पुढे बघा.' पण 1929 मध्ये, सोफी असती तर ज्या दिवशी 36 वर्षांची झाली असती त्याच सुमारास, फ्रॉइड यांनी मुलगा गमावलेल्या आपल्या मित्राला, लुडविग बिन्सवांगरना पत्र लिहिलं. त्यात त्यांनी कबूल केलं की शोकाची तीव्रता ओसरते, पण ती जागा कशानंही भरत नाही. आणि ते तसंच असायला हवं, कारण ज्या प्रेमाला सोडायचं नाही ते जपायची तीच एक रीत आहे. सिद्धान्त एक सांगत होता आणि बाप दुसरंच. मला बापाचं पटतं.

बॉस्टनच्या त्या 125 मुलांनीही बापाच्याच बाजूनं कौल दिला. त्यांतल्या बहुतेकांनी गाठी सोडवल्या नव्हत्या. ती मुलं गेलेल्या आईशी बोलत, तिला स्वप्नात बघत, ती वरून पाहते असं मानत आणि तिची एखादी वस्तू जपून ठेवत. हे सगळं करून ती शाळेत जात होती, मित्र करत होती. 1996 मध्ये सिल्व्हरमन, डेनिस क्लास आणि स्टीव्हन निकमन यांच्या पुस्तकातून 'चालू राहणारे बंध' ही कल्पना रुजली: माणूस जातं, नातं रूप बदलून राहतं. सर्वपित्रीला पान वाढणाऱ्या आपल्या आज्यांना हे नवं वाटलं नसतं. लेकीनं चष्मा आपल्या खेळण्यांच्या डब्यात ठेवला होता. "तुटेल, दे इकडे," असं म्हणून मी तो दोनदा काढून घेतला होता. हे वाचल्यावर परत दिला.

६. तिला काय आठवेल?

आता तो खाली आवाजातला प्रश्न. मोठ्या माणसाला त्याची सगळ्यात जुनी आठवण विचारा. पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांत ती सरासरी साडेतीन वर्षांच्या आसपासची निघते, आणि त्यानंतरचीही काही वर्षं विरळ, तुकड्यातुकड्यांची असतात. याला बालपणीचं विस्मरण म्हणतात.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. लहान मुलांना आठवत नाही, असं नाही. त्यांना भरपूर आठवतं. ते नंतर पुसलं जातं. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाच्या पॅट्रिशिया बाउअर आणि मरीना लार्किना यांनी तीन वर्षांच्या मुलांचं घरच्या प्रसंगांबद्दलचं बोलणं नोंदवून ठेवलं आणि नंतर वेगवेगळ्या वयांत त्यांना तेच प्रसंग विचारले. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यांतले साठ टक्क्यांहून जास्त प्रसंग आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्यांना चाळीस टक्केही नाहीत. 2014 मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. अंगणात काढलेली रांगोळी रोज सारवणाऱ्या अंगणात टिकत नाही, तसं वाढत्या मेंदूचं आहे. तो रोज नव्यानं सारवला जातो. टोरांटोच्या संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असंच दिसलं: मेंदूच्या आठवणी साठवणाऱ्या भागात नव्या पेशी भराभर तयार होतात, तेव्हा जुन्या आठवणी विस्कटतात.

मी साधा हिशेब केला. आई गेली तेव्हा लेक सव्वाचार. आज पावणेसात. म्हणजे अजून बरंच शिल्लक आहे, आणि पुढच्या दोन वर्षांत ते वेगानं जाणार आहे.

रांगोळी टिकवायची एकच रीत आहे. सारवलं की तीच पुन्हा काढायची. न्यूझीलंडमध्ये माओरी, युरोपीय वंशाच्या आणि आशियाई वंशाच्या तरुणांना सगळ्यात जुनी आठवण विचारली गेली. माओरींची सरासरी पावणेतीन वर्षांच्या आसपासची होती, इतर दोघांपेक्षा बरीच आधीची. माओरी समाजात पूर्वजांच्या आणि घराच्या गोष्टी सांगायची दाट परंपरा आहे, आणि संशोधकांनी बोट तिकडेच दाखवलं. तिथल्याच ओटॅगो विद्यापीठातल्या इलेन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे पाहिलं, की ज्यांच्या आया लहानपणी भरभरून आठवणी बोलत, त्या मुलांच्या जुन्या आठवणी किशोरवयातही जास्त मागे पोचत होत्या.

'भरभरून' म्हणजे काय? दोन उदाहरणं शेजारी ठेवतो. पहिलं:

"आजी काय करायची आठवतं?" "हो." "काय?" "माहीत नाही." "अगं, बिरडं करायची ना!" "हं."

ही परीक्षा झाली. आता दुसरं:

"आज वाल भिजवताना मला आजीची बोटं आठवली. कशी सुरकुतलेली असायची पाण्यात!"

"आणि दाणा टुणकन उडायचा."

"हो! कुठे उडायचा?"

"माझ्या केसात. आजी म्हणायची, हिच्या डोक्यात वालाची वेल उगवणार."

हे वेलीचं मला ठाऊकच नव्हतं. ते माझ्या आईचं वाक्य होतं, आणि तिच्या पोटी जन्मलेल्या मला ते तिच्या नातीकडून मिळालं. रीत एवढीच: आधी आपण एक तुकडा द्यायचा, मग मोकळा प्रश्न विचारायचा आणि मूल जिकडे नेईल तिकडे जायचं. चुकलं तर लगेच दुरुस्त करायला धावायचं नाही.

आणि लिहून ठेवायचं. चार्ल्स डार्विन यांची दहा वर्षांची मुलगी ॲनी एप्रिल 1851 मध्ये मॅल्व्हर्न इथे वारली. आठवड्याभरानं ते लिहायला बसले. पुढे कधी आठवणी फिकट झाल्या तर हे वाचून ती डोळ्यांपुढे उभी राहील, असं त्यांनी सुरुवातीलाच म्हटलं आहे. त्या मजकुरात मोठं असं काही नाही. त्यांच्यासाठी चिमूटभर तपकीर चोरून जिन्यावरून धावत येणारी ॲनी आहे, बापाचे केस विंचरत बसणारी ॲनी आहे, फिरायला निघाल्यावर पुढे पुढे गिरक्या घेत जाणारी ॲनी आहे. तिची लिहायच्या सामानाची पेटी आईनं, एमा यांनी जपून ठेवली. दीडशे वर्षांनी त्यांच्याच वंशातल्या रँडल केन्स यांनी त्या पेटीवरून पुस्तक लिहिलं.

आपल्याकडे साने गुरुजींची आई 1917 मध्ये गेली आणि 'श्यामची आई' त्यांनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. मध्ये सोळा वर्षं. तरी तिच्या हातची कामं, तिचं रागावणं, तिची अडचण सगळं जागच्या जागी आहे. त्या पुस्तकाची प्रकरणं म्हणजे 'रात्री' आहेत, रोज रात्री मित्रांना सांगितलेल्या आठवणी. आठवण जपायला ती कुणाला तरी सांगावी लागते, आणि ऐकणारं कुणीतरी समोर बसलेलं लागतं.

७. माघातले वाल

आई गेल्यानंतरच्या वैशाखात आम्हाला मुलगा झाला. त्यानं आजीला पाहिलेलं नाही.

परवा रोह्याहून नवे वाल आले. भिजवले, मोड आणले, कोमट पाण्याचं पातेलं मध्ये घेऊन आम्ही सगळे जमिनीवर बसलो. लेकीच्या बोटांना आता सराव झालाय, दाणा अख्खा निघतो. पावणेदोन वर्षांचा धाकटा सालं तोंडात घालत होता. मग तो उठला, ताईच्या डब्यातून चष्मा काढून आणला आणि उलटा नाकावर लावला.

"असा नाही," म्हणून तिनं तो सरळ केला. "आजीचा आहे. आजी मेली, तू यायच्या आधी."

"आजी," तो म्हणाला.

"हं. हे पिवळं दिसतं ना? ते तिचं बोट आहे. पुसायचं नाही." मग तिनं एक वाल दोन बोटांत दाबला, दाणा उडून त्याच्या केसात पडला, आणि ती त्याला वेलीचं सांगू लागली.